शेपटीकडची देवळी

३ मार्च २०२५, सोमवार

पतसंस्थेची ही फुकटची डायरी दोन महिने कोरी पडली होती. आज डोकं इतकं फिरलंय की कुठेतरी ओतायलाच पाहिजे. सुमनला सांगायला जावं तर ती म्हणते, आधी जेवून घ्या.

सुप्याच्या अलीकडे हायवेला कल्याणशेठनं विमान आणून ठेवलंय. खरं विमान. सात-तीन-सात, त्यातलं जुनं दोनशेवालं, भंगारात निघालेलं. ट्रेलरवर तुकडे आणले आणि इथे जोडून चाकांवर उभं केलं. त्यात हॉटेल काढतोय, पाडव्याला उद्घाटन. आमच्या करणनं त्याला सांगितलं की माझे वडील तीस वर्षं मुंबईला विमानाचे मेकॅनिक होते. झालं. शेठचा निरोप आला: औटी काका, बाहेरून जे जे विचित्र दिसतंय त्याची नावं सांगा, पाट्या लावायच्यात, येणारं-जाणारं माणूस विचारतंय.

गेलो बघायला. शी! विमानाला पोपटी रंग, त्यावर भगवे पट्टे. नाकाच्या दोन्ही अंगांना नळ्या असतात, समोरून वारा आत शिरतो आणि पायलटला वेग कळतो, त्या नळीला लिंबू-मिरची टांगलेली. इंजिनाच्या तोंडात गुटख्याच्या पुड्या, पिचकाऱ्या तर विचारू नका. पंखाच्या मागच्या कडेला बोटभर काड्या असतात, उडताना अंगावर साठलेली वीज त्यातून हवेत निघून जाते. निम्म्या काड्या मोडल्यात आणि उरलेल्यांवर आचाऱ्याचे पंचे वाळत घातलेत. पेंटर बन्सीनं स्वतःच्या अकलेनं तीन पाट्या आधीच रंगवल्या आहेत. नाकाच्या नळीवर लिहिलंय, "पेट्रोल भरण्याची नळी."

मी म्हणालो, "अरे बन्सी, नाकातून कोण पेट्रोल भरतं?"

"मग काका, नाकातनं काय भरत्यात?"

ओकारी येते असल्या माणसांची.

५ मार्च, बुधवार

बावीस पाट्या ठरल्या. वही घेऊन पूर्ण चक्कर मारली. पोटाखाली वाकड्या बोटासारखा एक खांब निघालाय, त्याला बन्सी अँटेना म्हणत होता. ते बेसिनमध्ये हात धुतलेलं पाणी आकाशात सोडायचं तोंड आहे. शेपटीच्या अलीकडे अंगावर छोट्या छोट्या पट्ट्या उभ्या आहेत, लोकांना वाटतं पत्रा उचकटलाय. त्या मुद्दाम असतात, वारा अंगाला धरून ठेवायला. आणि दाराच्या पुढे ज्या चकत्यांना कधीच रंग द्यायचा नसतो, बारीक भोकांच्या, उंची ज्यांच्यावरून कळते, त्या या गाढवानं पुट्टी मारून बुजवल्या आणि वर कमळ काढलं. माझ्या मस्तकात तिडीक गेली.

शेपटीच्या उभ्या पंखावर उंच दोन नळ्या आहेत. त्या कशाला असतात ते मला माहीत नाही. "वेग मोजण्याच्या नळ्या, मागील" असं लिहून टाकलं. तिथे वर बोट दाखवून कुणाला काही विचारायची माझी पायरीच नव्हती.

आता इथपर्यंत आलोय तर खरं लिहूनच टाकतो. सुमनला चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाही, बाकी कुणी या डायरीला हात लावत नाही. मी मेकॅनिक नव्हतो. मी संडासाच्या गाडीवर होतो. विमान उतरलं की शेपटीखाली गाडी लावायची, टाकीला पाइप जोडायचा, शंभर-सव्वाशे माणसांनी वर केलेलं खाली ओढून घ्यायचं, निळं औषधपाणी भरायचं, की पुढचं विमान. तीस वर्षं. मेकॅनिक लोक पंखाखाली उभे राहून बोलायचे ते मी ऐकलंय, त्यावर बावीसपैकी अठरा पाट्या निघतील.

गावात कुणाला माहीत नाही. घरची अठरा एकर जमीन, औट्यांचं नाव, आणि पोरगा मुंबईत हे काम करतो म्हणून कळलं असतं तर आमच्या वडिलांनी, दादांनी, मला दारात उभं केलं नसतं. करणची सोयरीक झाली तीसुद्धा मेकॅनिकचा मुलगा म्हणून. हे आता उघडं पडलं तर त्याला सासुरवाडीत आणि मला पारावर तोंड दाखवायला जागा नाही. तेव्हा पाट्या लिहायच्या आणि गप्प घरी यायचं.

९ मार्च, रविवार

देवा रे! आज जे बघितलं ते लिहायलासुद्धा हात धजत नाही.

विमानाच्या शेपटीला, पोटाच्या उजव्या अंगाला, छातीइतक्या उंचीवर एक चौकोनी खण असतो. त्याला झडप असते. बन्सीनं झडप काढून फेकून दिली. आत मोठं गोल झाकण, त्याच्या खाली दोन बारीक तोट्या, आणि वरच्या कोपऱ्यात ओढायचा दांडा. तो खण मी झोपेत उघडू शकतो. संडासाची टाकी तिथूनच उपसतात.

वास्तूवाला माणूस येऊन गेला होता. तो म्हणाला, देव ईशान्येला पाहिजेत. विमानाची शेपटी नेमकी ईशान्येला. आणि तिथे आयती देवळी! शेठची आई, बनुबाई, पंचाहत्तरीची बाई, रोज सकाळी घरून चालत येते. तिनं खण धुऊन काढला, फोटो ठेवला, निरांजन लावलं. गोल झाकणाला बन्सीनं शेंदूर फासला. आता ड्रायव्हर लोक गाडी थांबवून नारळ फोडतात तिथे. मी गेलो तेव्हा बनुबाई झाकणाला हळदकुंकू लावत होती आणि वाकून वाकून कपाळ टेकवत होती.

"रंभाजीभाऊ, नमस्कार करा की," म्हणाली. "लई परसन्न वाटतं बगा हितं. पाडव्याला घरचं टाक आननार हाय मी. सासूबाईंच्या हातचं हायेत, चांदीचं."

कुलदैवताचे टाक. त्या खणात!

मी हात जोडले. दुसरं काय करणार होतो? तोंड उघडलं की पुढचा प्रश्न ठरलेला: तुम्हाला कसं माहीत?

१० मार्च, सोमवार

पोट बिघडलंय म्हणून निरोप दिला, गेलो नाही.

विचार केला. टाकी वीस वर्षं कोरडी आहे. आत वाळून खडखडीत झालं असणार. एक पत्र्याचं तोंड, त्याला शेंदूर. म्हातारीला समाधान मिळतंय. कुणाचं काय बिघडलं?

१५ मार्च, शनिवार

बिघडलं.

शेठनं उद्घाटनाआधी ओळखीच्या लोकांना जेवायला बोलवायला सुरुवात केलीय, चाचणी म्हणून. आचारी, वेटर, पाहुणे, रोजची तीस-चाळीस माणसं. आणि शेठ प्रत्येकाला कौतुकानं मागे नेऊन दाखवतो: "विमानातला वरिजिनल संडास! वापरून बघा." दिवसाला दोघं-तिघं वापरून बघतात, बाकीचे फोटो काढतात. फ्लश चालत नाही म्हणून तांब्याभर पाणी ओततात.

मी विचारलं, "शेठ, हे जातं कुठं?"

"खाली."

"खाली म्हणजे कुठं?"

"आसंल की पाइप जमिनीत. येवढं मोठं इमान केलंय लोकांनी, पाइप केला नसंल व्हय?"

अरे बाबा, विमानाला जमिनीत पाइप कुठून असणार! ते सगळं टाकीत जातं. ती जेमतेम साठ-सत्तर लिटरची, आणि तिचं तोंड बनुबाईच्या निरांजनाच्या बरोबर मागे.

एवढं मनात आलं, आणि तोंडातून निघालं, "असेल, असेल." स्वतःच्याच जिभेची किळस आली.

१९ मार्च, बुधवार

पाटी क्रमांक एकोणीस. शेठनं विचारलं, "या देवळीला विमानात काय म्हनत्यात, काका?" बनुबाई शेजारी, बन्सी ब्रश घेऊन तयार.

मी म्हणालो, "प्रेशरचं झाकण."

बन्सीनं सुंदर अक्षरात रंगवलं. खाली लहान अक्षरात माझं नाव, सगळ्या पाट्यांवर आहे तसं: माहिती, रंभाजी औटी, विमान तज्ज्ञ. करणनं त्याचा फोटो काढून सासऱ्यांना पाठवला. सासरे पाडव्याला सहकुटुंब येणार आहेत.

मघाशी कुणाचं लक्ष नाही बघून बोटानं टाकीवर टिचकी मारली होती. बद्द वाजली. पाऊण टाकी भरलीय.

२२ मार्च, शनिवार

आज जे झालं ते लिहिल्याशिवाय अन्न गोड लागणार नाही, आणि लिहिलं तरी लागणार नाही.

सकाळी विमानाजवळ गर्दी. बनुबाई रडत होती, आनंदानं. "देवाला घाम फुटला रंभाजीभाऊ! जागृत हाय बगा!" झाकणाच्या कडेनं बारीक ओल येत होती. थेंब थेंब, शेंदरातून वाट काढत. रबराची रिंग वीस वर्षांची, तिचा चुरा झालेला असणार. म्हातारीनं खाली चांदीची वाटी धरली होती. ते पाणी तिनं डोळ्यांना लावलं. आधी उजव्या, मग डाव्या.

मी दोन पावलं मागे सरलो.

मग ती माझ्याकडे वळली. पळीनं माझ्या तळहातावर थेंब सोडला. चारचौघं बघत होती, शेठ हात जोडून उभा होता. मी हात तोंडाजवळ नेला, ओठ घट्ट मिटून घेतले, आणि रीतीप्रमाणे तो हात डोक्यावरून फिरवला. तीस वर्षांत ते माझ्या हाताला लागलं, बुटाला लागलं, पण डोक्याला कधी लावून घेतलं नव्हतं. थू माझ्या जिनगानीवर.

घरी आलो, तर माझ्या आधी बातमी पोचलेली. सुमननं न विचारताच बंब पेटवलेला, बादलीत डेटॉल टाकलेलं, आणि कपड्यांसाठी वेगळी जुनी बादली काढून ठेवलेली. म्हणाली, "शर्ट तिकडं टाका, बाकीच्यात मिसळू नका." म्हटलं, का गं? तर म्हणाली, "उगं." बायकांचं आपलं काहीतरी असतं, तीर्थ घेऊन आलं की स्नान वगैरे. मी तीनदा साबण लावला.

२५ मार्च, मंगळवार

बनुबाईचे डोळे सुजून लाल झालेत. पापण्या चिकटतात. शेठ म्हणाला साथ आलीय. आणि म्हातारी काय करते? डोळे बरे व्हावेत म्हणून रोज दोन वेळा "तीर्थ" लावते.

हे मी थांबवू शकतो. एका वाक्याचं काम आहे. ते वाक्य घेऊन आज तिच्यासमोर दोनदा उभा राहिलो आणि पंखाच्या काड्यांबद्दल बोलून परत आलो. भित्रा. दुसरा शब्द नाही.

जेवताना सुमन म्हणाली, "काय खुपतंय ते मला सांगू नका. पण एकट्यानं व्हनारं काम नसंल तर भीमराजभावजींना बोलवा."

मी चमकलो. भीमराजचं नाव मी घरात फार तर दोनदा घेतलं असेल, वर्कशॉपमधला एक माणूस म्हणून. हिच्या बरं लक्षात राहिलं. पण कल्पना वाईट नाही. तिला बिचारीला विमानातलं काही कळत नाही, तरी कधीमधी नेमकं बोलून जाते.

२६ मार्च, बुधवार

भीमराजला फोन केला. आठ वर्षांनी.

भीमराज ओहोळ, श्रीगोंद्याचा. एका गाडीवर आम्ही दोघं तीस वर्षं. ते काम दोन माणसांचंच असतं. एक दांड्यावर, एक पाइपावर. पाइपवाला झाकण उघडतो, पाइपाचं तोंड खणात दाबून धरतो आणि म्हणतो, "लागलं." दांड्यावरचा विचारतो, "सोडू?" तो म्हणतो, "सोड." मगच दांडा ओढायचा. ते "सोड" ऐकल्याशिवाय ओढलं तर सगळं पाइपवाल्याच्या तोंडावर. मी दांड्यावर, भीमराज पाइपावर. मुकादमानं पहिल्या दिवशी तसं लावलं, पुढे बदलायचा विषय कधी निघाला नाही. पहिल्याच वर्षी एकदा माझं लक्ष नव्हतं, न विचारता ओढला. भीमराजनं नळाखाली जाऊन तोंड धुतलं, परत आला, पाइप उचलला आणि म्हणाला, "लागलं." बास.

भीमराजनं आपलं काम कधी लपवलं नाही. त्याच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. पोरीच्या लग्नपत्रिकेवर हुद्दा छापला होता त्यानं.

सगळं सांगितलं. तो हसत सुटला. म्हातारीच्या डोळ्यांचं सांगितलं तेव्हा थांबला.

"येतो," म्हणाला. "पर तू काय म्हनून उभा ऱ्हानार तितं?"

मी म्हणालो, "मी म्हणजे... देखरेख."

मग म्हणाला, "बरं."

शेठला सांगितलं की प्रेशरच्या टाकीत जुनं पाणी साचलंय, मुंबईच्या वेळचा एक कामगार बोलावतो, तो उपसून देईल, तोवर कुणी हात लावू नका. आणि बनुबाईंनी ते पाणी डोळ्यांना लावू नये, रसायन असतं. एवढं तरी बोललो. शेठ उद्यापासून तीन दिवस पुण्यात आहे, म्हणून काम पाडव्यालाच सकाळी, मुहूर्ताच्या आधी.

३० मार्च, रविवार, पाडवा

भीमराज साडेसहाला मोटरसायकलवर आला. मागे पाइपाचं वेटोळं बांधलेलं. वाळलाय, पण दंड तसाच आहे. मला वाटलं होतं सात वाजता तिथे कुत्रं नसेल. तर निम्मं सुपं हजर. शिडीला गुढी बांधलेली, भटजी आलेले, करण, सूनबाई, करणचे सासू-सासरे, सगळे शेपटीखाली उभे. बनुबाई डोळ्यांना काळा चष्मा लावून पाटावर बसलेली, मांडीवर लाल फडक्यात टाक.

भीमराजनं खणातून फोटो आणि निरांजन काढलं आणि दोन्ही हातांनी बनुबाईपुढे धरलं. तिनं विचारलं, "गाव कुटलं?" "श्रीगोंदं." "आडनाव?" "ओहोळ." ती म्हणाली, "खाली ठिवा तितं." त्यानं खाली ठेवलं. तिनं मग सुनेकडून गोमूत्र मागवलं. मी बघत होतो. तीस वर्षांत असं दहा वेळा बघितलं असेल, कधी लिहून ठेवलं नव्हतं.

"मागं सरा," भीमराज म्हणाला. "वाऱ्याच्या त्या अंगाला." कुणी सरकेना. त्यानं झाकणाचा खटका काढला. तांब्याभर खाली सांडलं.

वास सुटला. पंधरा दिवसांचा, उन्हात तापलेल्या पत्र्यातला. भटजींनी उपरणं नाकाला लावलं. करणच्या सासूबाई चाकापाशी जाऊन भडाभडा ओकल्या. बन्सी ओरडला, "आयला, हे तर..." आणि पुढचा शब्द गिळला. कळलं सगळ्यांना. कळायला काही उरलंच नव्हतं.

भीमराजनं पाइप लावला, दुसरं टोक पिंपात, खांदा टेकवून जोर दिला, डोळे मिटले. नेहमी मिटायचा तसे.

"लागलं."

मी आठ पावलं लांब उभा होतो, देखरेख करत. पाडव्याचा नवा शर्ट अंगात. फोनवर "बरं" म्हणाला होता ते त्यानं पाळलं, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नुसता पाइप धरून उभा. सत्तरीचा माणूस तो, पाइपाला आता दुसरा खांदा लावला.

आणि शेठ पुढे झाला. लाजेनं लाल झालेला, काहीतरी करून दाखवायचं म्हणून. दांड्याला हात घातला. "हेच वढायचं ना काका? वढतो मी."

त्या दांड्याला आधी उजवीकडे पीळ द्यायचा असतो. नुसता हिसका दिला की अर्धा उघडतो आणि दाब पाइपाच्या कडेनं बाहेर. तोंडावर. भीमराजचे डोळे मिटलेले होते.

"हात काढ!" मी ओरडलो. शेठला अरे-तुरे केलं. "हात काढ आधी! तोंडावर येईल त्याच्या!"

धावत गेलो. शेठला खांद्यानं बाजूला केलं, बाह्या मागे सारल्या, दांडा धरला. हाताला तो दांडा जसाच्या तसा बसला.

"सोडू?"

भीमराजनं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, परत मिटले.

"सोड."

सोडला. पाच मिनिटं गडगडत होतं. एक थेंब बाहेर सांडला नाही. पिंप भरलं, मी दांडा बसवला, त्यानं पाइप झटकून गुंडाळला, झाकण लावलं. एकमेकांशी शब्द न बोलता. मान वर केली तर सगळं गाव माझ्याकडे बघत होतं.

शेठ म्हणाला, "काका, तुमाला हे कसं काय येतं?"

"तीस वर्षं हेच केलं," मी म्हणालो. "मेकॅनिक नव्हतो मी. या गाडीवर होतो." करण जमिनीकडे बघत होता. त्याचे सासरे त्यांच्या गाडीच्या किल्ल्या शोधत होते.

बनुबाई उठली. चष्मा काढला. डोळे नुसते टोमॅटो झालेले. माझ्या अगदी पुढ्यात येऊन उभी राहिली.

"तुला म्हाईत हुतं," म्हणाली. आजवर मला भाऊ म्हणायची. "पयल्या दिसापासनं म्हाईत हुतं. माज्या हातनं तू त्ये घेतलंस, डोक्याला लावलंस, आन मी डोळ्यात घालत हुते त्ये बगत बसलास. घान धुता येती रे. तुजं काय करू?"

ती टाक छातीशी धरून घरी चालती झाली.

पंपावर हातपाय धुतले. आम्हा दोघांसाठी वेटरनं साबणाची नवी वडी आणली, लांबून ठेवली, आणि म्हणाला, "राहू द्या तुमच्याकडंच." भीमराज हसला. मला हसू येईना. आता मलासुद्धा लांबूनच.

मी म्हणालो, "भीमराज, चल घरी. सण आहे, पुरणपोळी खाऊन जा. सुमननंच तुला बोलवायला सांगितलं होतं."

तो पाइप बांधत होता. गाठ मारून झाल्यावर म्हणाला, "रंभाजी, तीस वर्सं डबा तू भिंतीच्या त्या अंगाला खाल्लास, मी ह्या अंगाला. आज सगळ्यांनी वाळीत टाकल्यावर माजी आटवन झाली व्हय?"

"तसं नाही रे."

"काम आसंल तवा बोलव. काम मी करीन. जेवायचं ऱ्हाऊ दे." आणि किक मारली.

मला वाटलं होतं आनंदानं येईल. एवढं मनापासून बोलावलं, माझं काय चुकलं ते कळेना. अंगाला वास येत असेल म्हणून संकोचला असेल.

३१ मार्च, सोमवार

करण बोलत नाही. सूनबाई माहेरी गेली, चार दिवसांसाठी म्हणते.

सुमनपुढे बसलो, म्हटलं, तुला एक सांगायचंय. ती गवार मोडत होती. "सांगा." सांगितलं. ती मोडतच राहिली. म्हणाली, "रजेला यायचात तवा शर्टांच्या बाह्या निळ्या आसायच्या. कंच्या मेकॅनिकच्या बाह्या निळ्या आसत्यात? मी इचारलं एकदा मुंबईच्या बायकांला." मग म्हणाली, "तुमी सांगाल म्हनून थांबले. लई थांबवलंत."

तीस वर्षं. मी कुणापासून लपवत होतो मग?

भीमराजचं बोलणं कालपासून डोक्यात आहे. डब्याचं खरंच आहे. मी कधी विचारच केला नाही. मुकादमानं मला दांड्यावर लावलं आणि त्याला पाइपावर, तोही विचार केला नाही. तीस वर्षांत एकदा तरी म्हणायला हवं होतं, आज तू दांडा धर. माझ्यापेक्षा त्याचा हात हलका होता. बनुबाईनं खाली ठेवायला लावलं तेव्हा मला तिची शिसारी आली होती. आता कळतंय, माझीही तीच जात.

२ एप्रिल, बुधवार

सकाळी शेठचा फोन. आवाज नरम. आईच्या डोळ्यांना डॉक्टरचं औषध लागू पडलंय, म्हणाला. ती अजून तुमचं नाव काढू देत नाही. देवघर पुढं हलवलं, वास्तूवाल्याला शिव्या घातल्या. पण संडास बंद करता येत नाही, काका, लोक त्याच्यासाठीच येत्यात. ज्यांनी ऐकलं ते तर मुद्दाम बघायला येत्यात. जमिनीतून पाइप टाकायला महिना-दीड महिना जाणार. तोवर आठवड्याला एकदा उपसून द्याल का? दुसरं कुणी हात लावायला तयार न्हाई. त्या दिवशीची तुमची जोडी बघितली मी, असं काम कुणाला जमायचं नाही. पाइपावर ते ओहोळ, दांड्यावर तुम्ही.

मी म्हणालो, "दांड्यावर भीमराज. पाइपावर मी. तो हो म्हणाला तर. त्याला विचारून सांगतो."

पाटी क्रमांक एकोणीस पुसून नवी रंगवायला सांगितली: संडासाची टाकी उपसण्याचं तोंड. विमान तज्ज्ञ काढून टाकायला सांगितलं. बन्सीनं विचारलं, मग काय लिहू? म्हटलं, काही लिहू नकोस.

भीमराजला सकाळपासून चारदा फोन लावला. वाजतो, उचलत नाही. उद्या पहिल्या एसटीनं श्रीगोंद्याला जातो.